पाटावरची पिन

शालिग्रामकाकांना मोटरसायकल चालवता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण बुरहानपुरात त्यांच्या हाताखालून गेली नाही अशी एकही विलायती मोटरसायकल नव्हती आणि लोकांना वाटायचं, हा माणूस दिवसभर वाऱ्यावर स्वार होऊन हिंडत असेल. कसला स्वार! लहानपणी सायकलवरून आपटले, ती धास्ती बसली ती बसलीच. गाडी तयार झाली की मालकाच्या हवाली करायची आणि आपण धोतराचा सोगा सावरत चालत घरी यायचं. माझ्या सोजरमावशीचे ते यजमान. त्यांची ही हकिकत मला मावशीकडूनच कळली, कारण काका स्वतःबद्दल बोलणाऱ्यांतले नव्हते.

शनवारा वेशीजवळ त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक फळी, एक शेगडी आणि टांगलेल्या चेनी. दुरुस्ती तर बरेच जण करत. काकांचं नाव होतं ते सुटे भाग हुडकून आणण्यात. लढाई संपलेली, विलायतेहून नवा माल येणं जवळजवळ बंद पडलेलं, आणि बाजारात नकली मालाचा सुळसुळाट. चकचकीत वेष्टनातला वॉशर आठवड्यात पापडासारखा मोडायचा. काका मात्र महूला लष्कराच्या मोडीत जात, मुंबईला भंगाराच्या गल्ल्या पालथ्या घालत, आणि आणत ते अस्सलच. वस्तू हातात घेऊन कानाजवळ टिचकी मारत, कानशीचा एक ओरखडा काढून बघत आणि मान हलवत. "शालिग्रामभाऊनं दिलं ना? मग बघायचं काही काम नाही," असं गावात म्हणत. माणसाला एवढी पत लाभू नये असं मला आता वाटतं, पण तेव्हा आम्हांला त्याचा फार अभिमान होता.

त्यांचे दोन नियम होते. जुना भाग नमुना म्हणून खिशात घेतल्याशिवाय ते गाव सोडत नसत. नमुन्याशिवाय बाजारात जाणं म्हणजे नवरदेवाशिवाय वरात काढणं, असं त्यांचं मत. दुकानदाराच्या ढिगात नमुना मिसळू नये म्हणून त्याच्या एका टोकाला कानशीची बारीक खाच पाडून ठेवत. आणि दुसरा नियम, नवा भाग बसवला की जुना लाल फडक्यात बांधून मालकाच्या हातात द्यायचा. तुमचा भाग खरोखर बदलला, ही बघा साक्ष.

आता प्रभाकरची गोष्ट. गावातल्याच लालबागेत घर, जवळच्या जसोंडी गावी केळीची बाग, आणि नवरा-बायको दोघंच. त्याची बायको कुसुम मुलींच्या शाळेत शिकवायची. देश स्वतंत्र झाला, संस्थानं विलीन झाली, माळव्यातल्या राजेरजवाड्यांच्या गाड्या लिलावात निघाल्या, आणि अशाच एका लिलावातून प्रभाकरने बी.एस.ए. घेतली. टाकीवर तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेलं चित्र, म्हणून गावात तिला तीन बंदुकांची गाडी म्हणत. गाडी देखणी होती, पण पुढचं चाक धरणारा चिमटा खडखडायचा. काकांनी खोलून बघितलं. चिमटा ज्या पिनेवर वरखाली होतो, तिच्यात केसासारखी चीर गेली होती.

"भाऊ, दसऱ्याला गाडी पायजेच," प्रभाकर म्हणाला. "कुसुमला मागं बसवून जसोंडीला सीमोल्लंघनाला नेणार म्हटलंय."

काका चिरलेली पिन खिशात घालून महूला गेले, तिथून इंदूरला गेले, आणि शेवटी त्याच माळव्यातल्या एका संस्थानाच्या गॅरेजच्या उरल्यासुरल्या पेटीत त्यांना हवी ती पिन मिळाली. कोरी होती, पण वर्षानुवर्षं ग्रीसमध्ये पडून काळीठिक्कर झालेली. जुनी पिन मात्र माप घेता यावं म्हणून काकांनी पॉलिशपेपरने घासून घासून चकचकीत केली होती. दोघी शेजारी ठेवल्या असत्या तर कोणीही जुनीलाच नवी म्हटलं असतं.

काका परतले तो दिवस खंडेनवमीचा. त्या दिवशी हत्यारं पाटावर मांडून पुजायची आणि दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही, हे आमच्याकडे अजून पाळतात. मावशीची तयारी झालीच होती. काकांनी खिसा रिकामा केला, मावशीने पाने, हातोडा, कानस मांडली, त्यांच्यापुढे ताटात दोन्ही पिना ठेवल्या आणि सगळ्यांवर तेल, शेंदूर, हळद-कुंकू वाहिलं. जुनी-नवी सगळी लालेलाल झाली.

दसऱ्याला फटफटीत उजाडायच्या आत प्रभाकर दारात हजर. अंगावर नवा सदरा, चेहरा लग्नात असेल तसा. काकांनी पाट हलवला आणि पिन उचलली. एरवी ते फडक्याने पुसून, खाच बघून, टिचकी मारून मगच हात चालवत. पण पूजेचं कुंकू पुसायचं नसतं. देवाच्या नावानं लागलेलं कुंकू यंत्राच्या पोटात गेलं तर गाडीचं भलंच होईल, असा त्यांचा भाव. त्यांनी पिन तशीच बसवली. दुसरी लाल फडक्यात बांधून प्रभाकरच्या हातात दिली आणि म्हणाले, "ही तुमची जुनी."

संध्याकाळी जसोंडीहून परत येताना एका चाकोरीत गाडी आदळली आणि पुढचा चिमटा खाली बसला. प्रभाकरला नुसतं खरचटलं. कुसुम एका बाजूला पाय सोडून बसलेली, ती उजव्या कोपरावर पडली.

काका गाडी आणायला गेले तेव्हा तुटलेली पिन चिमट्यातच अडकली होती. तिचं एक टोक त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसलं. कुंकू निघालं आणि खाली कानशीची खाच दिसली.

शेजारी प्रभाकर उभा होता. तो म्हणाला, "तुमच्या मालाचा काय दोस, भाऊ? कुसुम दोनदा म्हणाली, हळू चालवा. मीच ऐकलं नाही. मीच जोरात आणून राहिलो होतो."

तेव्हा बोलायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. काकांनी तो तुकडा रुमालात बांधून खिशात ठेवला.

घरी आल्यावर मावशीला सांगितलं. ती रडायलाच लागली. "मीच दोन्ही एका ताटात ठेवल्या," म्हणाली.

"ताट तुझं होतं. डोळे माझे होते," काका म्हणाले. "उद्या जाऊन सांगतो."

उद्या कुसुमचं प्लास्टर व्हायचं होतं. मग प्लास्टर निघायचं होतं. मग कळलं, हाड जुळलं पण सांधा धरला तो धरलाच. हात पोटाशी मुडपलेला राहिला आणि बोटांत जोर उरला नाही. आता कोणत्या तोंडाने सांगायचं? उशीर झाला की सांगणं अवघड होतं, आणि अवघड म्हणून आणखी उशीर. भल्या माणसांची अशीच फसगत होते. लबाड माणूस निदान पहिल्याच दिवशी काहीतरी ठरवून मोकळा होतो.

कुसुम डाव्या हाताने फळ्यावर लिहायला शिकली. पण डाव्या हाताने एकटीला वेणी घालता येत नाही. ती रोज सकाळी प्रभाकर घालायचा. ती पाटावर बसायची, तो मागे बसायचा, आणि वेणी पुरी होईपर्यंत दोघं एक अक्षर बोलत नसत. शेजारणीने हे मावशीला सांगितलं, मावशीने काकांना. काका ताटावरून उठले.

मग मन खात असलेल्या माणसासारखाच त्यांनी उद्योग मांडला. मोडलेली गाडी दुरुस्त करायला घेतली, आणि कशी! दिव्याची काच महूहून आणली. टाकीवरच्या तीन बंदुका मुंबईच्या रंगाऱ्याकडून पुन्हा काढून घेतल्या. सीट, मडगार्ड, तारा, सगळं अस्सल. प्रभाकर कानकोंडा व्हायचा आणि हात जोडायचा. त्याने हात जोडले की काकांना मेल्याहून मेल्यासारखं होई. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही खोटं नाही. एवढं सगळं केलं, पण गाडी प्रभाकरच्या अंगणात ताडपत्रीखाली उभीच. एक भाग मिळत नव्हता.

"पिन नाही मिळत भो," काका म्हणायचे.

ज्याला अख्ख्या मुलखात कसलाही भाग मिळतो, त्याला एक पिन मिळेना! गावाला आश्चर्य वाटायचं. खरं म्हणजे ती प्रभाकरच्याच घरात, लाल फडक्यात होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. फरक इतकाच की कळसा कुठे आहे हे काकांना पक्कं ठाऊक होतं. दुसरी हुडकली असती तर कदाचित मिळालीही असती. पण ती बसवून गाडी उभी केली की विषय मिटला, आणि विषय मिटवण्याचीही त्यांची छाती होत नव्हती. इकडे प्रांताचं नाव बदललं, पाट्या नव्याने रंगल्या, पावसाळा सरला आणि पुन्हा खंडेनवमी आली.

त्या दिवशी प्रभाकर स्वतः बोलवायला आला. "बागेतल्या इंजिनाचे पाने घरी आणलेत. पूजा तुमच्या हातची पायजे." काकांनी नाही नाही म्हटलं, पण मावशीने सदरा पुढे केला आणि म्हणाली, "जा. आज तरी जा."

लालबागेतल्या त्या ओसरीवर पाट मांडला होता. कोयते, विळे, पाने, आणि मधोमध उलगडलेलं लाल फडकं. फडक्यावर पिन. वर्षापूर्वीचं कुंकू तिच्यावर वाळून काळपट झालं होतं आणि त्यावर आजचं ताजं.

"ही काय?" काकांनी विचारलं.

"तुम्ही परत दिलेली जुनी पिन," प्रभाकर म्हणाला. "ही काढून तुम्ही इतकी चांगली बसवून दिली, ती मी माझ्या मस्तीत तोडली. हिला दरसाल पाटावर ठेवणार, भाऊ. म्हणजे जन्मभर ध्यानात राहील."

कुसुम दारात उभी होती. हात पोटाशी धरून ती पिनेकडे बघत होती.

काका खाली बसले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, वर्षभर जवळ बाळगलेला तुटका तुकडा काढला आणि पाटावर त्या पिनेशेजारी ठेवला.

"ती जुनी नाही," ते म्हणाले. "ही जुनी. ही बघा खाच, माझ्याच कानशीची. मी चिरलेली पिन तुमच्या गाडीत बसवली आणि कोरी तुमच्या हातात दिली. कुंकू पुसलं नाही म्हणून दिसलं नाही. प्रभाकरभाऊ, चिमटा माझ्यापायी बसला. तुमच्यापायी नाही."

प्रभाकरने दोन्ही पिना हातात घेतल्या. एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं. मग लहान मुलासारखा हट्टाने म्हणाला, "पण मी जोरात तर चालवत होतो ना!"

"जोरात सगळेच चालवतात. सगळे पडत नाहीत."

कुसुम ओसरीवर आली. "तुम्हाला केव्हा समजलं?"

"त्याच दिवशी. गाडी आणायला गेलो तेव्हा."

"त्याच दिवशी," ती म्हणाली. पुढचं बोलली तेव्हा आवाज चढला नव्हता, पण मावशी सांगते की काकांना ते शब्द मरेपर्यंत पाठ होते. "हात तुमच्या चुकीनं गेला, ते मी समजून घेईन. चूक कोणाची बी होते. पण हा माणूस सालभर खाली मान घालून माझी वेणी घालून राहिला, आणि मी घालू दिली. एकदाही म्हटलं नाही, की जाऊ द्या आता. तुम्ही तोंड उघडलं असतं तर मी असं केलं नसतं, भाऊ."

काकांनी मान वर केली नाही. कुसुम नवऱ्याकडे वळली आणि म्हणाली, "तुम्ही वर बघा ना. तुम्ही तरी आता वर बघा."

प्रभाकर रडत होता.

काका उठले. पिन बसवून देऊ का, असं विचारायची सोय नव्हती, आणि आज हत्यार चालतही नव्हतं. ते पायरी उतरले तेव्हा मागून कुसुमचा आवाज आला, "उद्या सकाळी या. पान्यासहित या."

दसऱ्याला सकाळी ते गेले. ताडपत्री काढलेली होती. कुसुमने पिन पाटावरून उचलली, गुडघ्यांमध्ये धरली आणि डाव्या हाताने पदर फिरवून सगळं कुंकू पुसून काढलं, कालचं आणि वर्षापूर्वीचंही. उजेडात धरून तिने दोन्ही टोकं बघितली. खाच नव्हती. मग ती काकांपुढे केली. काका पिन बसवत होते तेवढा वेळ ती शेजारी उभी राहून बघत होती. ज्याच्या मालाकडे कधी कोणी बघितलं नव्हतं, त्याच्या हातांकडे ती डोळे न हलवता बघत होती, आणि काकांना ते बरोबर वाटलं. त्यानंतर दुकानात त्यांनी गिऱ्हाईक समोर उभं असल्याशिवाय एकही भाग बसवला नाही आणि पाटावर हत्यारांखेरीज काही ठेवू दिलं नाही.

प्रभाकरने गाडी चालू केली, गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि हळूहळू परत आणली. कुसुम मागे बसली नाही. बस असं तो म्हणालाही नाही. पण तिची वेणी वाकडी झाली होती आणि ती त्याला म्हणाली, "काय हे, आज बोलण्याच्या नादात निम्मी सोडूनच दिली तुम्ही."

काकांच्या खिशात आपट्याची पानं होती. काढायचा धीर होत नव्हता. ते हत्यारं गोळा करून निघाले, तेवढ्यात कुसुम आतून आली. तिच्या डाव्या हातात आपट्याचं पान होतं. डाव्या हाताने सोनं देऊ नये, असं आमच्याकडे मानतात.

"उजवा पुढं होत नाही, भाऊ," ती म्हणाली.

काकांनी हातातली हत्यारं जमिनीवर ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले.