बोक्याची सावली

वहिनींसमोर गेमचा कंट्रोलर घेऊन बसायचं म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःची फजिती करून घ्यायची. त्यांचा दीर दर रविवारी ती करून घ्यायचा आणि पुढच्या रविवारी निर्लज्जासारखा पुन्हा हजर. पडद्यावर तीन माणसं एक अवाढव्य कपाट उचलून गोल जिन्याने वर चाललेली असायची. एकाचा हात सुटला की कपाट गडगडत थेट तळमजल्यावर, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. घोळक्याने खेळायचे हे गेम भांडणं लावायलाच जन्माला येतात. म्हणायचं पार्टी गेम, आणि खेळून उठलेली माणसं एकमेकांकडे बघायलाही तयार नसतात.

"भाऊजी, कपाट आहे ते! गरम पातेलं धरल्यासारखं काय सोडताय?"

"तुम्ही ओढताय किती, वहिनी! जरा माणसासारखं चढा."

"मावशी बरोबर चढतेय, काका," भाची मध्येच म्हणायची. "तुमचा अंगठा झोपलाय."

भाची म्हणजे वहिनींच्या बहिणीची मुलगी. शिकायला आली ती इथेच राहिली. वहिनींचा नवरा बोटीवर, घरात कमी आणि पाण्यावर जास्त. त्यामुळे घराला जाग होती ती या पोरीची आणि रविवारी येणाऱ्या दिराची. पोरगी आतल्या खोलीत एकटी बसून स्वतः गेम बनवायची. वहिनींना हा नाद तिनेच लावला. बंदुका घेऊन धावायचे मोठ्या कंपन्यांचे गेम वहिनींना चालत नसत. "दिवसभर गोदामात धडाधड ऐकायची, आणि घरी येऊन पदरचे पैसे घालून परत तीच?" त्यांना आवडत ते एकट्यादुकट्या माणसाने घरी बसून केलेले छोटे गेम. एकात दीपगृहाचा म्हातारा रखवालदार होता. त्याने दिवा फिरवायचा आणि जहाजांना वाट चुकू द्यायची नाही, एवढंच. वहिनी त्याच्या मांजराला दूध घालायला खाली उतरल्या आणि तेवढ्यात एक जहाज खडकावर गेलं, तर त्यांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. दुसऱ्या एका गेममध्ये आई गेल्यावर मुलगा बंद घरात जातो आणि एकेका घड्याळाला चावी देत फिरतो. "हा ज्याने केलाय ना, त्याचं आईशी बोलायचं राहून गेलंय," असं वहिनींचं ठाम मत झालं, आणि त्यांनी भाचीला तिथल्या तिथे आईला फोन लावायला लावला.

कामावर वहिनी फोर्कलिफ्ट चालवत. गाडीच्या पुढे दोन लोखंडी काटे. ते लाकडी फळ्यांच्या पॅलेटच्या पोटात घालायचे, पॅलेटवर रचलेली खोकी उचलायची आणि जागेवर नेऊन ठेवायची. ऐकायला सोपं आहे. काटा जरा वर गेला की खोकं फाटतं, जरा पुढे गेला की पलीकडचा माल कोसळतो, आणि मध्ये माणूस आला तर बोलायलाच नको. वहिनींचं असं कधी झालं नाही. गोदामात त्यांचं नाव पडलं होतं 'मिलीमीटर'. पॅकिंगच्या टेबलावरून उठून त्या सीटवर बसण्यासाठी त्यांनी कैक वर्षं भांडत काढली होती. "बाईच्या हातात गाडी?" म्हणून नाक मुरडणारा जुना सुपरवायझर निवृत्त झाला, तेव्हा त्याचं लोखंडी कपाट वहिनींनीच काट्यांवर घेऊन टेम्पोत चढवलं, एक ओरखडा उठू न देता. दीर तिथेच माल लावायच्या कामावर होता. तो वहिनी म्हणायचा म्हणून अख्खं गोदाम त्यांना वहिनी म्हणू लागलं.

आणि आता वहिनींच्या डाव्या डोळ्यापुढे धुकं आलं होतं.

त्यांना ते कळलं अगदी सहज. उजव्या डोळ्यात कचरा गेला म्हणून चोळायला हात नेला, तर समोरचं कॅलेंडर गायब. गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर न्हाणीतला आरसा होतो तसं सगळं. हात काढला, कॅलेंडर जागेवर. पुन्हा झाकला, पुन्हा गेलं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि काही कारण नसताना ओटा पुसत बसल्या.

कुणालाही त्यांनी सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे सीट सोडायची. डोळा अधू असलेल्याला गाडी कोण देतो? परत टेबल, परत ती चिकटपट्टी, आणि शेजारून दुसरं कुणीतरी त्यांची गाडी घेऊन जाणार. मग त्यांनी स्वतःची परीक्षा घ्यायचं ठरवलं, आणि ती घेतली कशावर, तर गेमवर. भाची तेव्हा बोक्याचा गेम करत होती. गच्चीवरून गच्चीवर उड्या मारत एक लठ्ठ बोका हरवलेल्या पिल्लाला शोधत जातो. कठडे हाताएवढे रुंद, मध्ये खोल गल्ल्या. भल्याभल्यांचा बोका पहिल्या गल्लीत पडायचा. वहिनींचा एकदाही पडला नाही.

"मावशी, तू माणूस आहेस की यंत्र?" भाची म्हणाली.

वहिनींना इतकं हलकं वाटलं की त्यांनी पोरीला जवळ ओढून घेतलं. डोळा खरंच बिघडला असता तर हे जमलं असतं का? त्यानंतर कामावर काही चुकलं की घरी येऊन त्या बोका खेळायच्या. काट्याने खोक्याला भोक पाडलं, तर "माल वाकडा रचला होता" म्हणायचं आणि संध्याकाळी पाच गच्च्या पार करायच्या. किटलीतून ओतलेला चहा कपाच्या बाहेर पडायचा, दीर फडकं घेऊन पुसायचा आणि म्हणायचा, "वहिनी, लक्ष कुठे असतं?" त्याही हसायच्या. स्वतःची समजूत घालण्यात वहिनींचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मग एका रविवारी पडद्यावरचं कपाट वर पोचल्यावर भाची म्हणाली, "मावशी, बोका बघ ना. गच्च्यांवर संध्याकाळचा प्रकाश आणलाय."

गच्च्या सुंदर दिसत होत्या. वहिनींनी उडी मारली. बोका गल्लीत पडला. पुन्हा मारली, पुन्हा पडला. कठडा इथे आहे म्हणून झेपावं, तर तो पलीकडेच. दिराला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला.

"अरे वा! आज वहिनी चारी मुंड्या चीत! बोक्या, माझ्याकडून तुला दूध."

"गेम बिघडलाय," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच चिरका वाटला.

भाचीने वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अय्या, सावली बंद राहिली! नवा प्रकाश लावताना मीच काढली होती. बोक्याच्या खाली जमिनीवर एक काळा ठिपका असतो बघ. उडी मारली की आपण त्याच्यावरच नजर ठेवतो, तो जिथे जाईल तिथे बोका पडणार. तो नसला तर कुणालाच जमणार नाही."

"पण मला अंतर दिसतं ना," वहिनी म्हणाल्या.

"पडद्यात अंतर नसतंच गं, मावशी. पडदा सपाट. लांब-जवळ मी नुसतं भासवते. खऱ्या अंतराला दोन डोळे लागतात. इथे एक झाकून खेळ हवं तर, काही फरक पडणार नाही."

असं म्हणून तिने सावली चालू केली, डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि तीन गच्च्या सहज ओलांडून दाखवल्या. वहिनी तिच्या त्या झाकलेल्या डोळ्याकडे बघत राहिल्या. इतके दिवस ज्या पुराव्यावर त्या जगत होत्या, तो पोरीने हसतहसत काढून घेतला होता. "माझं डोकं दुखतंय," म्हणून त्या उठल्या, आणि दीर मागून ओरडला की हरल्यावर सगळ्यांचंच डोकं दुखतं.

सोमवारी सकाळी त्या सुपरवायझरच्या केबिनपर्यंत गेल्या. हा नवा सुपरवायझर भला माणूस होता, पण कायम घाईत. कानाला फोन, आणि हाताने खूण: आधी मालाच्या रांगांमधली शेवटची गल्ली. "ट्रक उभा आहे, वहिनी. तेवढं उरका, मग बोलू."

"बरं," वहिनी म्हणाल्या. स्वतःला शिव्या घालत त्या गाडीवर चढल्या.

पहिल्या गल्लीतच त्यांना उमगलं. काटे पॅलेटजवळ गेले तशी त्यांची नजर आपोआप जमिनीवर गेली. वरच्या दिव्यांनी काट्यांच्या दोन काळ्या पट्ट्या खाली पाडल्या होत्या. पट्टी पॅलेटला टेकली की वहिनी थांबत होत्या. किती महिने त्या अशा सावलीवर गाडी चालवत होत्या, त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. हाताला घाम सुटला. स्टिअरिंग त्यांनी पदराने पुसलं.

शेवटच्या गल्लीत दिवे नव्हते. वायरमनने जुने उतरवले होते, नवे अजून लावायचे होते. उजेड होता तो लांबच्या दारातून येणारा, सगळीकडे सारखाच पसरलेला. पॅलेट भिंतीशी नेऊन ठेवायचं होतं. आणि भिंतीला पाठ लावून दीर उभा, जमिनीवरचं फाटकं प्लास्टिक गोळा करत. चालत्या मालापुढे उभं राहायचं नाही हा नियम गोदामात मोठ्या अक्षरांत रंगवलेला होता. दीर म्हणायचा, तो बाकीच्यांसाठी. आमच्या वहिनी चालवत असतील तर मी समोर झोपही काढीन.

"भाऊजी, बाजूला व्हा!"

"या हो तुम्ही! झालंच माझं. या, या."

खोक्यांच्या वर त्याचं डोकं आणि खांदे दिसत होते. चेहरा अगदी स्वच्छ दिसत होता, मिशीसकट. तो किती लांब आहे, ते मात्र दिसत नव्हतं. वहिनींनी जमिनीवर सावली शोधली. जमीन राखेच्या रंगाची, कोरी. अजून दीड-दोन हात तरी असतील, मन म्हणालं. तो पुन्हा खाली वाकला. "या, या," प्लास्टिकच्या चुरचुरीतून त्याचा आवाज आला. गाडी सरकत होती. बोका उडी मारून हवेत होता आणि खाली ठिपका नव्हता.

वहिनींनी ब्रेकवर सगळा भार टाकला. काही दिसलं म्हणून त्यांनी ब्रेक मारला नव्हता. काहीच कळत नव्हतं म्हणून मारला.

दीर पोट आत ओढून, भिंतीला घासत, खोक्यांच्या कडेने बाहेर सरकला. शर्टाचं एक बटण खोक्यांवरच्या प्लास्टिकला अडकलं आणि तुटून टणटणत गेलं. त्याने मागे वळून आपण उभे होतो ती फट पाहिली आणि मोठ्याने हसला.

"बघितलंत का रे? याला म्हणतात मिलीमीटर! माझ्या शर्टाला चाटून उभी केली गाडी!"

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. इथे वहिनी नुसत्या हसल्या असत्या तरी भागलं असतं. सीट राहिली असती, नाव राहिलं असतं, उलट वाढलं असतं. त्यांनी चावी फिरवून गाडी बंद केली आणि खाली उतरल्या. वाकून त्यांनी ते बटण उचललं.

"भाऊजी, मला वाटलं दोन हात जागा आहे."

"हॅ! चेष्टा करताय."

"डावा डोळा गेलाय माझा. धूसर दिसतं. अंतर कळत नाही."

दिराचं हसू तोंडावर तसंच राहिलं. "कधीपासून?"

"बरेच महिने झाले."

"बरेच महिने," तो म्हणाला. "आणि मी रोज पुढ्यात उभा राहतोय."

वहिनींना त्याच्याकडे बघवेना. त्याने बटण घेतलं नाही. तो दाराकडे चालू लागला, आणि वहिनी बटण मुठीत धरून त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. सुपरवायझर धावत आला, सगळं ऐकून त्याने डोकं धरलं. "वहिनी, निदान एवढा ट्रक तरी रिकामा करून द्या." वहिनींनी चावी त्याच्या हातात ठेवली आणि त्याची मूठ स्वतःच्या हाताने मिटली.

संध्याकाळी भाचीने डोळ्यांच्या डॉक्टरांची दुसऱ्या दिवसाची वेळ घेतली. "मला का नाही सांगितलंस?" म्हणून ती रडली, मग चिडली, मग पुन्हा रडली. डोळा बरा होईल की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. वहिनींनी चहा टाकला, कारण हातांना काहीतरी हवं होतं.

दीर आला. सवयीच्या खुर्चीवर बसला नाही, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. त्याच शर्टात होता. रागावलेला होता आणि ते लपवतही नव्हता. वहिनींनी किटली उचलली, आणि ओतायच्या आधीच त्यांचा हात अडला. कप नेमका किती खाली आहे?

दीर पुढे झाला. कप ओट्यावरून उचलून त्याने किटलीच्या तोटीखाली धरला.

"या," तो म्हणाला. आवाज घोगरा होता. "अजून खाली. अजून. या... बास."

चहा कपात पडला. थोडा त्याच्या बोटांवर सांडला, तरी त्याने कप हलवला नाही. दुसरा हात त्याने पोटावर धरला होता, जिथे बटण नव्हतं तिथे.