टेबलावरचा तांब्या

आज अकरा नंबरच्या वर्गावरून जाताना सहज आत डोकावले. टेबलावरचा पाण्याचा जुना गोल डाग अजून तसाच आहे. तो सरांच्या तांब्याचा.

या वर्गात सरांनी तीस वर्षं भारतीय तत्त्वज्ञान शिकवलं. मी शेजारी भूगोल घ्यायचे, मधल्या दारातून त्यांचा आवाज यायचा. दरवर्षी एक तास ठरलेला असे. सर आपला पितळी तांब्या टेबलावरून उचलून खाली ठेवायचे आणि विचारायचे, "आता इथं काय दिसतं?"

"काहीच नाही, सर."

"नीट बघा. तांब्या नाही, हे दिसतंय. आपल्या जुन्या विचारवंतांनी हे नसणंसुद्धा खऱ्या गोष्टींत धरलंय. पण ज्यानं तांब्या कधी पाहिलाच नाही, त्याला ते दिसायचं नाही."

मुलं हसायची. सुरुवातीला वर्गभर हसू पसरायचं, शेवटच्या वर्षी दोघीच होत्या. त्या दोघींचीही सर रोज हजेरी घ्यायचे.

निरोपाच्या भाषणात प्राचार्यांनी त्यांना मानसशास्त्राचे प्राध्यापक म्हटलं. सरांनी चूक दुरुस्त केली नाही. तांब्या पिशवीत घालून ते घरी गेले. त्यांची जागा भरली गेली नाही, पुढं विषयही बंद झाला.

मी डागावरून बोट फिरवत होते, तेवढ्यात पहिल्या वर्षाच्या दोन मुली दारात आल्या.

"मॅडम, हे टेबल रिकामंच आहे ना? कार्यक्रमाला न्यायचं होतं."

मी "हो" म्हटलं. त्यांनी सरांना कधी पाहिलं नव्हतं.