पाटीवरची तीन अक्षरं

कचेरीला निघताना माझे यजमान पाटीवर तीन इंग्रजी अक्षरं लिहीत. ती तिन्ही ज्यांत येतात असे शब्द मी संध्याकाळपर्यंत पुस्तकातून शोधून ठेवायचे. सासूबाई धुमसत राहायच्या. बाई शिकली की नवऱ्याचं आयुष्य घटतं, म्हणायच्या. असला खुळचटपणा ऐकून माझं डोकं फिरायचं.

प्लेगच्या साली फणसवाडीत, आमच्या समोरच्याच दारावर सरकारी माणसांनी लाल रंगात अक्षरं काढली: यू, एच, एच. चाळीतल्या बायका घाबरून माझ्याकडे धावल्या. मी सवयीने पुस्तक उघडलं आणि तिन्ही अक्षरांचा शब्द सापडला, ‘चर्च’. झालं! आता सगळ्यांना बाटवणार म्हणून एकच रडारड उठली.

संध्याकाळी यजमान आले. त्या दाराकडे पाहून हळूच म्हणाले, “चर्च नव्हे. ती शेऱ्याची आद्याक्षरं आहेत. माणसांनी राहायला नालायक जागा.”

बोलताना त्यांनी डावा हात अंगापासून दूर धरला होता. काखेत गाठ आली होती.

मी पाटी उचलली आणि उंबऱ्यावर आपटून फोडली. वैद्यांना बोलावणं त्यानंतर पाठवलं.