हातात दिलेली पोळी

“अन्नावर राकेल वतलंस? भरल्या टोपल्यावर?” पद्माबाईचा आवाज चिरका झाला होता. “अरे, कुत्रं तोंड लावणार न्हाई आता त्याला!”

“माय, वरडू नको,” प्रेमानंद म्हणाला.

“काहून नको? कळू दे की लोकायला. पोरगं परदेशातून धडधाकट आलं म्हणून काल जेवण घातलं, अन् आज त्याच पोरानं...”

“वरडू नको म्हणलो ना.”

तो मोठ्यानं बोलला नव्हता. पण हातातलं राकेलचं डबडं त्यानं इतक्या बेतानं खाली ठेवलं, की सरिता न्हाणीच्या दाराशीच थांबली. नवरा सुट्टीवर आल्यापासून एकदाही चिडला नव्हता. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

परसात पोळ्यांची टोपली आणि निम्मं भरलेलं भाताचं पातेलं होतं. राकेल भातात मुरत चाललं होतं. जाळ झाला नव्हता तो केवळ पद्माबाईनं काडेपेटी हिसकावून घेतली म्हणून. ती अजून तिच्या मुठीत होती. आणि बाभळीच्या काट्यांच्या कुंपणापलीकडे पालांवरची लेकरं उभी होती. बाळापूरच्या रस्त्याला पालं ठोकून राहिलेल्या त्या लोकांना पद्माबाईनंच कालच्या गडबडीत निरोप धाडला होता, की सकाळी लेकरं पाठवा, अन्न उरलंय. लेकरं आली, काट्यांमधून त्यांनी हात आत घातले, आणि अंगणात दात घासत उभा असलेला प्रेमानंद तोंड न धुता तसाच राकेलच्या डबड्याकडे गेला.

ओट्यावर जळबा बसला होता. प्रेमानंदचा बाप. त्यानं अजून तोंड उघडलं नव्हतं, आणि सगळ्या घराला भीती त्याचीच होती.

कारण या घरात अन्नाचा कायदा जळबाचा होता. त्याच्या लहानपणी येसकरकीची, म्हणजे गावकामाच्या बदल्यात दारोदार भाकरी मागायची पाळी घरी आली, की तिन्हीसांजेला टोपलं घेऊन गावभर फिरायचं काम त्याच्याकडे असे. दारात उभं राहून हाळी द्यायची. आतून बाई यायची, हात लांब धरायची आणि भाकरी वरून सोडायची. कधी टोपल्यात पडे, कधी मातीत. मातीतली झटकून घ्यायची. पुढं धर्म बदलला, ते टोपलं जळबाच्या बापानं चुलीत घातलं, आणि जळबानं आपल्या संसारात एकच नियम केला. कोणाला फेकून द्यायचं नाही. द्यायचं तर जवळ जायचं, तोंडाकडं बघायचं आणि हातात द्यायचं. गाईलासुद्धा पुढ्यात ठेवायचं. प्रेमानंद पोरगा असताना त्यानं एकदा भिकाऱ्याच्या झोळीत लांबून भाकरी टाकली, तर जळबानं त्याला त्या माणसामागं वेशीपर्यंत पळवलं होतं, भाकरी पुन्हा हातात द्यायला.

सरिता शिरड शहापूरहून या घरात आली तेव्हा पहिल्या आठवड्यात तिनं हा नियम ऐकला. तिला तो आवडला होता. नवऱ्याचा सहवास मात्र तिला सुट्ट्यांपुरताच मिळाला. फौजी बदलीमागून बदली घेत हिंडत होता, आणि सासूसासऱ्यांना कोणीतरी पाहिजे म्हणून ती आणि लेक रीता इथंच. मग तो शांतिसेनेतून आफ्रिकेला गेला. दर रविवारी तिनं बाळापूरच्या एसटीडी बूथवर बसून राहायचं. फोन आला की बूथवाला पुनमचंद हाक मारायचा, “वहिनी, आफ्रिका!” आणि बाकड्यावरची माणसं हसायची.

फोनवर तो आपला दिवस सांगायचा, कारण दुसरं बोलायला दोघांकडे काही नसे. उजेडाआधी उठायचं. बूट उलटे करून झटकायचे, आत काहीबाही शिरलेलं असतं. हवालदारासमोर मलेरियाची गोळी गिळायची आणि जीभ काढून दाखवायची. दाढी, निळी टोपी, हजेरी. मग गाडीतून गस्त, रोज तोच रस्ता, तोच पडका पूल, कपाळाला पट्टा लावून पाठीवर लाकडं वाहणाऱ्या त्याच बाया. दुपारी जेवण. नंतर चौकीवर वाळूच्या पोत्यांमागं उभं राहायचं. संध्याकाळी बंदूक पुसायची, पुन्हा हजेरी, मच्छरदाणी खोचायची.

“अन् जेवण झाल्यावर?” तिनं एकदा सहज विचारलं होतं. “डुलकी काढता की न्हाई?”

“जेवण झाल्यावर एक काम असतं,” तो म्हणाला आणि फोन ठेवला. सरिताला वाटलं, लाईन तुटली.

तोच दिवस तो इथं घेऊन आला होता. कोंबड्याआधी उठायचा, चपला झटकायचा, पांघरुणाची घडी सुरीनं कापल्यासारखी. जेवायला बसला की तोंड दाराकडं. हे सगळं सरितानं फौजीची सवय म्हणून सोडून दिलं. पण रीताचं तिला सोडवेना. लेक चार वर्षांची झालेली. “बाबा, घास,” म्हणून हात पुढं करायची. हा बिस्किट जमिनीवर ठेवायचा आणि मागं सरायचा.

येताच तो बोलून गेला होता, की आता बदली झालेल्या नव्या ठाण्यावर क्वार्टर मिळतंय, बायकालेकरं आणता येतात. सरितानं मनात ट्रंक भरून ठेवली. दोन दिवसांनी विचारलं, तर म्हणाला, “नको. रीता माझ्याजवळ नको.” याहून जास्त काही नाही. शनिवारी त्याची सुट्टी संपत होती.

“आत्याबाई, लेकरायला जा म्हणा,” आता सरिता म्हणाली. “मी नव्या पोळ्या टाकते, घंट्याभरानं या म्हणा.”

तेवढ्यात कुंपणातून एक बारीक हात खाली सरकला. कडेची पोळी त्यानं ओढली. रीताएवढीच पोरगी असेल, पोळी झग्याला पुसत होती. राकेल पुसलं जाईल अशी तिची समजूत. सरिता धावली. पोळी पोरीच्या तोंडाशी गेली होती. सरितानं काट्यांतून हात घालून तिचं मनगट धरलं. पोरगी सोडीना. मागची लेकरं काय झालं ते बघायला पुढं रेटली आणि पोरगी काट्यांवर दाबली जाऊन किंचाळली.

“हात सोड!” प्रेमानंद ओरडला. असा आवाज त्या घरानं ऐकला नव्हता. “सरिता, हात सोड तिचा! सोड!”

तिनं सोडला. पोरगी मागं पडली, उठली, आणि सगळी लेकरं पालांकडं पळाली. पोळी कुंपणात अडकून राहिली. प्रेमानंद भिंतीला धरून ओकत होता.

जळबा ओट्यावरून उतरला. पद्माबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यानं बाजूला सारला.

“कुठं शिकलास हे?” त्यानं लेकाला विचारलं. “अन्न नासवायचं?”

“तिथं. रोजच करत व्हतो, बा. दुपारचं जेवण झालं की उरलेलं खड्ड्यात. वर डिझेल. काडी. पूर्ण जळोस्तोवर उभं ऱ्हायचं. माझी ड्युटी व्हती ती.”

“कोणी बघत नव्हतं?”

“बघायचे की. चौकीच्या तारेपल्याड लेकरं असायची. उभी.”

“अन् तू जाळत व्हतास. लेकरायच्या म्होरं.”

“हुकूम व्हता.”

“हुकूम!” जळबा थुंकला. “माझं पोरगं असून?”

“तुमचं पोरगं म्हणूनच तो हुकूम निघाला, बा.”

मग त्यानं सांगितलं. भिंतीकडं तोंड करून, हजेरी दिल्यासारखं. सुरुवातीला तिथं सगळेच जवान उरलेल्या पोळ्या तारेवरून पलीकडं भिरकावत. पोळी जिथं पडेल तिकडं लेकरं पांगायची, धूळ उडायची, जवान हसायचे. ह्याला ते बघवेना. हा पोळ्या घेऊन तारेपाशी जाऊ लागला. एकेकाच्या तोंडाकडं बघून, तारेतून हात घालून, हातात देऊ लागला. साथीदारांनी थट्टा केली. हा हटला नाही. लेकरांना कळलं, की हा हातात देतो. मग ती पळापळ सोडून त्याच्यासमोरच गोळा होऊ लागली. पन्नास, शंभर, मोठी पोरंसुद्धा. एक दिवस मागून रेटा आला. सगळ्यात पुढं एक बारकी पोरगी होती.

“पोळी तिच्या हातात व्हती अन् तिचा हात माझ्या हातात. रेट्यातून सोडवाया मी तिला आत वढून राहिलो व्हतो. मधी तार. काटेरी. मागचे रेटतच व्हते. त्यायला काय ठाव? तिचा हात लवकर सुटला न्हाई माझ्या हातातून. नंतर काढावा लागला.”

शेजारच्या घरात रेडिओवर बाजारभाव चालू होते.

“दुसऱ्या दिवसापासून हुकूम. उरलं तर जाळायचं, म्हंजी कोणी तारेजवळ येणार न्हाई. अन् जाळायला मला लावलं. बराबरच व्हतं. फेकणाऱ्यायच्या हातून एक बी लेकरू मेलं न्हाई, बा.”

जळबानं डोक्याचा पटका सोडला, पुन्हा बांधायला घेतला, आणि त्याला तो बांधता येईना.

“मी वाईट शिकवलं का रे?” तो म्हणाला.

“न्हाई. चांगलंच शिकवलं.”

सरिताला वाटलं, याच्याऐवजी त्यानं बापाला शिवी दिली असती तर म्हातारा उभा तरी राहिला असता. जळबा खालीच बसला, उकिरड्याच्या कडेला, राकेलच्या वासात.

पद्माबाईला मात्र गप्प बसवत नव्हतं. ती डोळे पुसत म्हणाली, “परक्या मुलखातलं परक्या मुलखात सोडावं, बाबा. इथं बसून डोस्कं फिरून ऱ्हायलंय तुझं. ड्युटीवर गेलास की मन लागंल. तू जा. शनिवारची वाट कशाला बघतूस?”

“व्हय,” प्रेमानंद म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर आल्यापासून पहिल्यांदाच थोडी सुटका दिसली. “उद्याच निघतो. तिथं माणसं एकटं सोडतेत. ह्या दोघी इथं बऱ्या.”

एकटं सोडतात. सरितानं ते ऐकलं. नासलेलं अन्न पुरायला कुदळ तिनं उचलली होती, ती तशीच हातात. तिला काय करायचं ते माहीत नव्हतं. त्याला बरं कसं करतात, बरं होतं का, काहीच नाही. त्याच्या हाताची तिला आत्ता भीतीही वाटत होती. रीता दाराच्या चौकटीला चिकटून सगळं बघत होती. पण या माणसाला आता एकटं सोडलं, तर पुढच्या सुट्टीला तो येणार नाही, एवढं तिला कळलं. कदाचित कुठल्याच.

तिनं खळगा खणला, राकेलचं अन्न त्यात लोटलं, माती ओढली, हात धुतले आणि घरात जाऊन नव्या पोळ्यांसाठी परात काढली.

“उद्या न्हाई, शनिवारीच निघायचं,” तिनं आतून सांगितलं. “अन् मी अन् रीता संग येणार हाव. क्वार्टरचं आजच फोन करून कळवा.”

“सरिता, नको म्हणलो ना...”

“आगं, मंग आमचं कोणी बघावं?” पद्माबाई म्हणाली.

“तुमचं तुमी बघा, आत्याबाई,” सरिता म्हणाली. “मी इचारून न्हाई राहिले. सांगून राहिले.”