वर न गेलेला हात

काच कापण्यात त्याचा हात धरणारा कारखान्यात कोणी नव्हता. पट्टी न लावता काच कापायची हिरकणी अशी सरळ ओढायचा की सगळे त्याला रेघकाकाच म्हणत. बोलणंही तसंच सरळ, म्हणजे भलतंच फटकळ! आजारी पडलेल्यांसाठी सगळ्यांच्या पगारातून फंड कापला जायचा, त्यावर त्याचं ठरलेलं वाक्य असे, "हातपाय धड असलेल्याला फंड कशाला? बसून खाणाऱ्यांचे चोचले हे!" ऐकून ऐकून सगळ्यांना ते पटलं होतं. निदान माना तरी सगळेच डोलवायचे.

आणि आता त्याचाच उजवा हात थरथरू लागला होता. घ्या!

त्या सकाळी पुन्हा चहा सांडला. बायको फडकं बाजूला ठेवून समोर येऊन बसली.

"आज कारखान्याच्या सभेत फंड ठेवायचा की बंद करायचा ते ठरणार ना? राहू दे म्हणून हात वर करा. तुमचं काम सुटलं तर खायचं काय आपण?"

"अगं, ज्या तोंडानं जन्मभर शिव्या घातल्या..."

"तोंड ठेवा बाजूला. हात वर करा."

दुपारी सभा भरली. मुकादम म्हणाला, "फंड राहावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

सगळ्या माना रेघकाकाकडे वळल्या. हात वर केला तर थरथर दिसणार, मग उद्यापासून काच कोण देणार? नाही केला तर फंड गेला. उजवा हात मांडीखाली दाबून तो तसाच बसला. अरे शहाण्या, डावा तरी उचलायचास! पण जन्मभर उजव्यावर जगलेला माणूस, त्याला ते सुचलंच नाही.

एकही हात वर गेला नाही. फंड बंद झाला.

सभा सुटल्यावर काचेच्या कडा घासायच्या कामावरची बाई खोकला आवरत दारात त्याच्याजवळ आली. "काका, मी तुमच्याकडेच बघत होते. तुम्ही केला असतात तर मीही हात वर केला असता."

"मीसुद्धा," मागून कोणीतरी पुटपुटलं.

"मग आपणहून का नाही केलात?" रेघकाकानं तिला विचारलं.

"तुमचं वाक्य सगळ्यांना तोंडपाठ. एकटीनं हात वर करून हसं कोण करून घेणार?"

तेवढ्यात मुकादमाची हाक आली, "रेघकाका, मोठी काच आलीय! तुमच्याशिवाय कोणाच्या हाती देणार?"

"आलो," तो म्हणाला. खिशात कोंबलेला उजवा हात मात्र बाहेर काढला नाही.