मावशीची कोरी फाईल

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. आणि आधीच सांगून ठेवतो — वाचून ‘अरे, होतं असं’ म्हणणार असाल, तर वाचूच नका. असं होत नसतं. मी केलं म्हणून झालं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. नागपुरात आमची लहानशी कंपनी आहे. मराठीत लिहिण्यासाठी आम्ही एक प्रोग्राम तयार केला होता — मोठी अक्षरं, मोजकी बटणं, वयस्कर माणसांनाही जमेल असा. तो सगळ्यात मनापासून जिनं वापरला ती माझी मावशी. आईची मोठी बहीण. नागपूरजवळच्या कुहीकडच्या गावांत सरकारी नर्स म्हणून तिची सगळी नोकरी गेली. धानाच्या बांध्यांमधून चालत जाऊन तिनं बाळंतपणं केली. रिटायर झाल्यावर ती नागपुरालगत बेसाला मुलाकडे राहायला आली आणि लिहायला बसली. कोणत्या घरी काय झालं, कोण वाचली, कोण नाही.

मी गेलो की वाचून दाखवायची. एका बाईची बैलगाडी चिखलात रुतली, मावशीनं तिथंच गाडीत तिला मोकळं केलं, आणि सुनेशी अबोला धरलेली सासू तेवढा वेळ दोघींवर छत्री धरून उभी राहिली — हे मी तिच्या तोंडून ऐकलंय. म्हणून तेवढं शिल्लक आहे. बाकीचं?

थांबा. त्याआधी दुसरं सांगायला हवं.

फाईल सेव्ह करायच्या दोन रीती असतात. एक — जुनं आधी पुसायचं आणि त्याच जागी नवं लिहायचं. दुसरी — नवं सगळं वेगळ्या फाईलीत लिहायचं, ते डिस्कवर नीट उतरलं याची खात्री करायची, आणि मगच ती फाईल जुनीच्या जागी ठेवायची. दुसऱ्या रीतीत मध्येच लाईट गेली तरी निदान जुनं हातात राहतं. पहिलीत गेली, तर जुनं पुसलेलं असतं आणि नवं आलेलं नसतं. माझा प्रोग्राम पहिल्या रीतीचा होता.

मला माहीत नव्हतं? होतं. माझ्यासोबत काम करणारी वैशाली मागे लागली होती, हे बदल म्हणून. काम फार मोठंही नव्हतं. मी म्हटलं, नेमकी सेव्ह होतानाच लाईट जाईल असं कितीदा होणार? नागपुरात राहून म्हटलं मी हे. खरं कारण निराळं होतं — तो भाग मी लिहिला होता, आणि त्यातली खोट दुसऱ्या कुणी दाखवावी हे मला खपलं नाही. बस. इतकं क्षुल्लक.

मे महिन्यातली दुपार होती. लाईट येत-जात होती. मावशीनं सेव्ह दाबलं आणि कूलर थांबला, कॉम्प्युटरही. लाईट आल्यावर तिनं फाईल उघडली, तर कोरी. तिच्या मुलानं, संजूदादानं, मला बोलावून घेतलं. फाईलचं नाव जागेवर होतं. आत काही नव्हतं. आकार शून्य. बघताक्षणी कळलं मला काय झालं ते. दुसरी प्रत कुठंच नव्हती — माझा प्रोग्राम ठेवत नव्हता, आणि ठेवावी लागते हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं. डिस्क नंतर घरी नेऊन खूप खटपट केली. वाचण्यासारखं काही निघालं नाही.

मावशी पलंगाच्या कडेला बसली होती. तिनं विचारलं, “विनू, माह्याच हातानं गेलं का गा ते?”

‘नाही’ म्हणायचं होतं. एवढंच.

मी म्हटलं, “सेव्हच्या ऐवजी दुसरंच काही दाबल्या गेलं असन, मावशी.”

आवाज मऊ ठेवला होता. पोरगा आपल्याला सांभाळून घेऊन राहिला, असं तिला वाटावं म्हणून. संजूदादा म्हणाला की आजकाल ती विसरतेच, परवा दूधही उतू गेलं. मी मान हलवली. दूध कुणाच्या घरी उतू जात नाही हो?

तिनं पुन्हा लिहिलं नाही. पण तेवढ्यावर थांबलं असतं तर! ती प्रत्येक गोष्ट विचारून करायला लागली. गॅस लावू का. गोळी हीच ना. फोनवर हे दाबू का. ज्या हातांच्या भरवशावर कुहीकडच्या बायकांनी कळा सोसल्या, ते हात बटणापाशी येऊन थांबायचे. ‘राहू दे, तिला जमत नाही’ हे त्या घरात रोजचं झालं.

आणि मी? ऑफिसात जाऊन प्रोग्राम दुरुस्त केला. दुसऱ्या रीतीचा केला. नव्या आवृत्तीसोबत लिहिलं, ‘किरकोळ सुधारणा’. वैशालीनं विचारलं, आता एकाएकी काहून? मी म्हटलं, वेळ मिळाला.

पुढं एक बाई मावशीकडे आल्या. त्यांना जुन्या सुईणी-नर्सच्या आठवणी गोळा करायच्या होत्या. मावशी त्यांना म्हणाली, “माह्या भरवशावर काही लिहू नका वं बाई, मले आता नीट आठवत नाही.” तिला सगळं आठवत होतं. मी समोर बसलो होतो. चहा पीत होतो.

हल्ली कुठलीही आवृत्ती बाहेर जाण्याआधी, सेव्ह चालू असताना मी स्वतः प्लग ओढतो. पुन्हा पुन्हा ओढतो. ऑफिसातले हसतात. हसू द्या. याला प्रायश्चित्त म्हणाल तर भांडेन मी तुमच्याशी — हे काम आहे, ते आधीच करायचं होतं.

मावशी गेल्या हिवाळ्यात गेली. तेरवीच्या जेवणानंतर संजूदादानं आठवण काढली, प्रेमानंच — आईनं एक बटण दाबलं अन् अख्खं पुस्तक उडवलं. सगळे हसले.

मीही हसलो.

आता कुणी म्हणेल, ती तर गेली, मेलेल्या गोष्टी कशाला उकरतोस? उकरणार. संजूदादा हे वाचेल, आई वाचेल. त्यांनी मला दारात उभं नाही केलं तरी चालेल, समजूत घालायला मात्र कुणी येऊ नका. पण त्या घरात यापुढं ती विसरभोळी म्हणून राहणार नाही. तिच्या हातून काही गेलं नव्हतं. त्या दुपारी तिनं सेव्हच दाबलं होतं. बरोबर दाबलं होतं.