मगरीच्या जबड्याचे पाच टाके

श्री. दत्ताराम परब यांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. दादरच्या आमच्या इंग्रजी शाळेत ते बाहुल्यांचा खेळ घेऊन आले होते. दोन बाकांमध्ये ताणून बांधलेली जुनी साडी, तिच्यामागे गुडघ्यांवर बसलेले परब आणि समोर माझे दोन वर्ग. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. तोंडावर बोट हा आमचा पहिला धडा, आणि तो मी इमानेइतबारे पुढे दिला होता. मगर म्हातारीच्या पाठीमागे आली, थांबली, परत गेली, पुन्हा आली. हॉलमध्ये फक्त पंख्यांचा आवाज. शेवटी साडीच्या वर परबांचेच डोके आले.

"बाई, मुलं आजारी आहेत काय?"

"शिस्तीत बसली आहेत."

"मग म्हातारी गेली म्हणायची. मगर आलीय हे तिला सांगणार कोण? मीच?"

तिसऱ्या रांगेतली एक मुलगी न राहवून ओरडली, "आजी, मागे बघ!" त्यानंतर जो गलका झाला, त्याबद्दल मुख्याध्यापिकांनी मला बोलावून जाब विचारला. महिनाभर मी परबांवर रागावून होते. पुढच्या वर्षी मात्र मीच त्यांना पुन्हा बोलावले.

परबांचे वडील गिरणीत होते. ते स्वतः लालबागच्या चाळीत वाढले. बालनाट्यांत त्यांनी अस्वलापासून प्रधानापर्यंत सगळी कामे केली. मोठ्यांच्या नाटकातून बोलावणे आले, तेव्हा "शनिवारी जमायचं नाही" म्हणून त्यांनी ते सोडले, कारण शनिवारी आमच्या बालनाट्य मंडळाच्या खोलीत त्यांचा मुलांसाठी बाहुल्यांचा वर्ग असतो. मुलांसाठी काम करणारा नट म्हणजे मोठा होता न आलेला नट, असे समजणारे लोक मला अजून भेटतात. त्यांना एवढेच सांगते, की मोठी माणसे कंटाळली तरी टाळ्या वाजवतात. मुले उठून पाणी प्यायला जातात. त्यांच्यासमोर आयुष्य काढून दाखवा.

मी निवृत्त झाले आणि घरात बसून सगळ्यांवर खेकसू लागले, तेव्हा परबांचा फोन आला. "बाई, माझे डोळे गेले. सुई ओवायला माणूस हवंय." त्यांचे डोळे उत्तम आहेत, हे पहिल्याच शनिवारी माझ्या लक्षात आले. त्यांनी ते कबूल केले नाही, मीही विचारले नाही. तेव्हापासून सुया मी ओवते.

सुया लागतात, कारण वर्गाचा एक नियम आहे. बाहुली ज्याच्या हातून मोडेल, त्यानेच ती दुरुस्त करायची. परब टाका दाखवतात, घालत नाहीत. एका मुलीने ओढाओढीत त्याच मगरीचा जबडा फाडला आणि रडायला लागली. परब म्हणाले, "रडतंस कित्याक? डॉक्टर तूच, पेशंट ही. घाल टाके." तिने हिरव्या मगरीला लाल लोकरीचे पाच टाके घातले, एकही सरळ नाही. ती मुलगी आता आई झाली आहे. गेल्या महिन्यात ती आपल्या लेकीला ते टाके दाखवायला घेऊन आली.

लेकीला ते काचेतून पाहावे लागले.

कारण श्री. परबांच्या पंच्याहत्तरीनिमित्त आमच्या मंडळाने त्यांचा असा गौरव करायचे ठरवले: बाहुल्यांसाठी काचेचे कपाट, कपाटाला कुलूप, आणि समारंभाआधी रंगारी बोलावून बाहुल्या नव्यासारख्या करून घेणे. म्हणजे टाके रंगाखाली जाणार आणि मुलांच्या हाती राहणार नुसती काच. या मूर्खपणाच्या ठरावावर माझीही सही आहे. चहा गार होत होता म्हणून मी न वाचता सही केली. आयुष्यभर मुलांना "आधी वाचा" म्हणून ओरडले, आणि वेळ आली तेव्हा हे केले.

परबांनी तक्रार केली नाही. "मंडळींनी प्रेमानं केलंय, बाई. नाही कसं म्हणू?" एवढेच म्हणाले. मग कपाटाकडे पाहत हळूच म्हणाले, "हार तेवढा घालायचा राहिलाय."

मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी जाऊन मी चिटणीसांकडून "पुसायला हवं" म्हणून कपाटाची किल्ली घेतली. रंगारी दोनदा येऊन परत गेला. चिटणीस रोज फोन करतात. मी सांगते, "अजून पुसून झालं नाही."

हा गौरवग्रंथ तुम्हाला समारंभाच्या दाराशीच मिळेल. तो चाळत तुम्ही आत याल, तेव्हा कपाट उघडे आणि रिकामे असेल, आणि बाहुल्या पहिल्या तीन रांगांतल्या मुलांच्या हातांत असतील. गलका होईल. कोणीही त्यांना गप्प करू नये. ज्यांची हरकत असेल त्यांनी मला भेटावे, मी सुया घेऊन कोपऱ्यातच बसलेली असेन.

श्री. परबांचे गुडघे साडीमागे बसण्याइतके मजबूत राहोत, आवाज मगरीचा आणि म्हातारीचाही शाबूत राहो, आणि त्यांच्या शंभरीपर्यंत त्यांच्या बाहुल्या दर शनिवारी मोडत राहोत.